सूर विरायच्या आत

ग्लासगो
३ नोव्हेंबर १९९७

प्रिय आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली आणि दुसऱ्यातला रागही मिळाला. काय करू, ऑगस्टपासून माझ्या डोक्यात रेकॉर्डशिवाय दुसरं काही शिरतच नाही. दुकानात गिऱ्हाइकानं कुणाचीही रेकॉर्ड मागितली तरी मी माझ्याच गाण्यांवर घसरते. मालक म्हणतो, तुला पगार रेकॉर्डी विकायचा देतो, स्वतःचे पोवाडे गायचा नाही.

तर बातमी अशी की माझी रेकॉर्ड तयार झाली. नाव ठेवलंय 'ओल्या मोज्यांची गाणी'. तू नाक मुरडणार हे ठाऊक आहे, पण आमच्या मंडळींत असलंच नाव शोभतं. सध्या दुकानात नव्या आलेल्या रेकॉर्डी पाहिल्यास तर तू सगळ्यांना वेड्यांच्या डॉक्टरकडे धाडशील. एक पोरगा करवत आणि पायपेटी वाजवत आपल्या मेलेल्या कासवाबद्दल रेकॉर्डभर गातो. एका बाईनं चार व्हायोलिनवाल्यांना स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसवून वॉशिंग मशीनच्या तालावर गाणी केली आहेत. ती इतकी गोड झाली आहेत की मी दुकानात दोनदा रडले. त्यांच्या शेजारी माझे ओले मोजे अगदी घरंदाज वाटतात.

कारखान्यातून आधी नमुन्याची एक रेकॉर्ड येते. ती आपण ऐकायची, सगळं ठीक आहे असं लिहून सही करायची, मग बाकीच्या छापतात. ती आली. माझ्या यंत्राची सुई तुटली आहे म्हणून दुकानातच लावली आणि पसंती कळवून टाकली. आता या महिनाअखेर दुकानांत येईल.

'शेवटची बोट' या गाण्यात तू चेलो वाजवलास, तो दिवस मला फार आठवतो. तो गारठलेला चर्चचा हॉल, आणि तू कोटसुद्धा न काढता त्या टोकाला बसलेली. रेकॉर्डिंग करणाऱ्या रुआरीनं हेडफोन पुढे केले तर म्हणालीस, "ते कानाला लावून मला माझंच वाजवणं ऐकू येत नाही." बिचाऱ्यानं निमूट काढून घेतले. इतकी रेकॉर्डिंग केली त्यानं, पण त्याला गप्प करणारी तू पहिलीच. संपल्यावर बेटावर परतायची बोट गाठायला तू लगबगीनं निघालीस, आम्ही दोघं दारात उभं राहून हात हलवत होतो.

पहिली प्रत तुलाच पाठवीन.

तुझी
ऊना


रॉथसे
१० नोव्हेंबर

प्रिय ऊना,

नाव वाचून नाक मुरडलं. ते काम उरकलं, आता पुढचं लिहिते.

तुझी रेकॉर्ड येणार हे मी खाटकाला, पोस्टातल्या पोरीला आणि बोटीवरच्या तिकीट तपासनिसाला सांगितलं आहे. तुझ्या वडिलांना फोन केला, तो म्हणाला, "बरं." माझा भाऊ 'बरं' म्हणाला म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असं समजायचं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. माझ्याकडे यंत्र नाही, पण इथल्या मॅकफीबाईंच्या मुलानं घर सोडून जाताना आपलं भलंमोठं यंत्र आईकडे टाकलं आहे, त्याचे स्पीकर कपाटाएवढे. रेकॉर्ड आली की त्यांच्याकडे चहा ठरला आहे. ऑरबाई डंप्लिंग, तो त्यांचा दगडासारखा जड गोड केक, करणार आहेत. म्हणजे ते कुणालातरी संपवावं लागणार.

हॉटेलातलं शनिवारचं वाजवणं मी सोडलं. नवा मॅनेजर आला आहे, त्याला जेवणाऱ्यांसमोर टीव्ही लावायचा आहे. माझंही वय झालं.

एक गोष्ट तुला तोंडावर कधी सांगितली नसती, पत्रात सांगते. मी आयुष्यभर लग्नांत नाहीतर मयतांत वाजवलं. लोक एक तर जेवत होते, नाहीतर रडत होते. माझ्या वाजवण्याकडे कान देऊन कुणी बसलं आहे असं झालं नाही, आणि वाजवून झालं की ते हवेत गेलं. यावेळी पहिल्यांदाच ते कुठेतरी राहणार आहे. तुझ्या ओल्या मोज्यांत का होईना. या वयात मला त्याची एवढी हौस वाटावी याची थोडी लाज वाटते, पण वाटते खरी हौस.

स्वेटर घालत जा.

तुझी
इशबेल आत्या


ग्लासगो
१ डिसेंबर

प्रिय आत्या,

घाईत लिहिते आहे. रेकॉर्ड आली, पण गडबड अशी झाली की पहिल्या प्रती हातोहात गेल्या, माझ्याकडेसुद्धा उरली नाही. नवीन आल्या की पाठवते. नाताळनंतर बहुतेक. तोवर तू कुठून विकत घेऊ नकोस, उगाच कशाला. शिवाय पहिल्या प्रतींत खरखर आहे म्हणतात. आणि मॅकफीबाईंच्या यंत्राची सुई जुनी असेल तर रेकॉर्ड खराबच होईल. चहा पुढे ढकलता आला तर बघ. खरं तर घरी आले की मीच गिटारवर गाणी म्हणून दाखवीन, ते जास्त छान होईल.

इकडे थंडी मी म्हणते आहे. स्वेटर घालते.

तुझी
ऊना


ग्लासगो
१ डिसेंबर

रुआरी,

तू जर्मनीत त्या व्हॅनमध्ये बँडबरोबर कुठे फिरतो आहेस देव जाणे. हे पत्र तुझ्या पुढच्या मुक्कामाच्या हॉलवर धाडते आहे. मिळालं तर उत्तर दे, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगायला मला तोंड नाही.

रेकॉर्डवर चुकीची टेप गेली. 'शेवटची बोट'च्या दोन टेप होत्या, आठवतं? पहिली ऑगस्टमधली, आत्याची. दुसरी नंतर आपण गुपचूप केली ती, संगीत कॉलेजातली किर्स्टी मन्रो चेलोला होती ती. तू म्हणालास डब्यांवर नंबर लिही. मी म्हटलं नंबर काय कुणीही लिहितं, आणि एकावर साळिंदर काढलं, एकावर देवमासा. मग कारखान्याला पाठवायच्या वेळी कुठलं कोणाचं हेच विसरले, आणि साळिंदर गोंडस दिसलं म्हणून ते दिलं. ते आत्याचं होतं.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण गाणं संपताना ती शेवटचा सूर ओढत होती, तुझ्या कानावर हेडफोन होते, आणि मी पायपेटीपाशी बसून तुझ्याकडे वाकून कुजबुजले. माझा माईक चालू होता. सगळं आलं आहे, रुआरी. तिचा सूर चालू आहे आणि त्यावर माझा आवाज: "हे चालायचं नाही. म्हातारीचा हात नुसता लटलटतोय. वाजवू दे, खूश होऊन बोटीला जाऊ दे. मग त्या कॉलेजच्या पोरीला बोलावू."

नमुन्याची रेकॉर्ड मी ऐकली म्हणाले ती दुकानात, शनिवारच्या गर्दीत, आवाज बारीक करून. शेवटच्या गाण्याला कुणीतरी कासववाल्या पोराची रेकॉर्ड मागितली म्हणून मीच सुई उचलली. आणि पत्रावर 'उत्तम' असं लिहून खाली एक हसरा देवमासा काढला.

आता सर्वांत वाईट ऐक. लोकांना ती जागा आवडली. आपल्या लोकांना असं वाटतं की रेकॉर्डवर काही चुकून येतच नाही, सगळं मुद्दाम ठेवलेलं असतं. एका मासिकात आलं आहे की सूर विरत असताना गायिका आपल्याच वादक म्हातारीबद्दल जे बोलते ते ऐकून काळजात कळ येते, आणि इतका निष्ठुर प्रामाणिकपणा या वर्षी दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डवर नाही. दुकानात पोरं येऊन म्हणतात, काय हिंमत आहे तुझी. मी 'थँक्यू' म्हणते. खरंच म्हणते, रुआरी. पहिल्यांदा तोंडातून गेलं, आता सवय झाली आहे.

आत्याला मी खोटंनाटं लिहून थोपवलं आहे. तिनं ऐकायच्या आत काय करू ते सांग.

ऊना


रॉथसे
८ डिसेंबर

प्रिय ऊना,

रेकॉर्ड मिळाली. ऑरबाईंचा मुलगा ग्लासगोहून घेऊन आला. शनिवारी मॅकफीबाईंकडे सगळ्या जमल्या होत्या. ऐकली.

छत्रीचं गाणं चांगलं आहे. पहिल्या गाण्यातली बासरीही चांगली आहे. डंप्लिंग संपलं.

माझी प्रत पाठवायची तसदी घेऊ नकोस.

इशबेल


ग्लासगो
१२ डिसेंबर

प्रिय, प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दिवसभर खिशातच ठेवलं होतं, उघडायचा धीर होईना. पण तू ऐकलंस आणि आवडलं. डंप्लिंगसुद्धा संपलं म्हणजे सगळ्याच खुशीत होत्या. मला उगाच भीती वाटत होती की पहिल्या प्रती बऱ्या नसतील, आवाज कमीजास्त असेल, शेवटी शेवटी नीट ऐकूच येत नसेल. पण मॅकफीबाईंच्या यंत्रावर जेवढं यायला हवं तेवढंच आलं म्हणायचं. छत्रीचं गाणं तुला आवडेल असं वाटलंच होतं.

आता खरी बातमी. रेडिओवर नव्या रेकॉर्डींचा एक कार्यक्रम असतो, तिथून बोलावणं आलं आहे. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी स्टुडिओत बसून गाणी म्हणायची. आणि त्यांना 'शेवटची बोट' पाहिजे, रेकॉर्डवर आहे तसंच, तुझ्या चेलोसकट. "त्या बाईंना घेऊनच या," असं तो माणूस फोनवर म्हणाला. येशील ना? मी वेमिस बेच्या धक्क्यावर घ्यायला येईन, चेलो मी उचलीन.

सही करताना 'आत्या' लिहायचं राहिलं तुझं. धांदलीत असशील.

तुझी
ऊना


रॉथसे
१८ डिसेंबर

ऊना,

मी येणार नाही.

मला वाटलं होतं माझं आधीचं पत्र तुला कळेल. तू ते वाचून खूश झालीस, म्हणून आता सगळं लिहावं लागतं आहे. मला हे लिहायचं नव्हतं.

मॅकफीबाईंकडे आम्ही आठ-नऊजणी होतो. रेकॉर्ड हातोहात फिरली. मॅकफीबाईंनी चष्मा लावून मागची बाजू मोठ्यानं वाचली. पायपेटी कोण, बासरी कोण, आणि मग: "चेलो, किर्स्टी मन्रो." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इशबेल, हे तुझं टोपणनाव का गं?"

मी हो म्हणाले.

मी या बेटावर कुणाशी खोटं बोलले नव्हते असं नाही, पण इतक्या बायकांसमोर एकदम कधी बोलले नव्हते. म्हणाले, हो, कलाकार लोक घेतात तसं नाव घेतलंय. सगळ्या हसल्या, कौतुकानं. ऑरबाई म्हणाल्या, आता आम्ही तुला किर्स्टीच म्हणणार. मग गाणी लागली. माझं गाणं शेवटचं, म्हणून सगळ्यांनी बशा खाली ठेवल्या. मी वाजवलेलं लागलं. हात कापतो आहे हे मला ऐकू आलं, पण त्यांना नाही आलं. त्या ऐकत होत्या, खरोखर ऐकत होत्या. त्या दोन-तीन मिनिटांत मी किती सुखात होते ते तुला सांगून काय उपयोग.

आणि मग तू बोललीस. ते यंत्र कपाटाएवढं आहे, ऊना. तुझा श्वाससुद्धा ऐकू आला. म्हातारी म्हणालीस ते सोड, मी आहेच म्हातारी. पण 'कॉलेजच्या पोरीला बोलावू' हे ऐकल्यावर किर्स्टी कोण ते प्रत्येकीला कळलं. मी खोटं बोलले तेही कळलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मॅकफीबाई उठून चहाचं पाणी बघायला गेल्या, सगळ्यांचे कप भरलेले असताना. ऑरबाईंनी मला डंप्लिंग वाढलं, मी खाल्लं. कापऱ्या हातानं चमचा बशीवर वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला होता. घरी जाताना कुणीही मला किर्स्टी म्हणालं नाही.

तेव्हापासून मी दुकानात पलीकडच्या रस्त्यानं जाते. या वयात.

एकच विचारायचं आहे. ऑरबाईंच्या मुलाचं म्हणणं असं की तुम्हा लोकांच्या रेकॉर्डींवर असलं बोलणं मुद्दाम ठेवतात, ती गंमत असते. म्हणजे तू मुद्दाम ठेवलंस तर तू मला जगासमोर हसायला ठेवलंस. आणि चुकून राहिलं असेल तर तू ते मनापासून बोललीस, आणि मला कधीच कळू द्यायचं नव्हतंस. दोन्हींतलं कुठलं खरं तेवढं लिही. मला दोन्हींतलं काहीच नको आहे, पण एक तर असणारच.

इशबेल


ग्लासगो
६ जानेवारी १९९८

आत्या,

चुकून राहिलं. म्हणजे मनापासून बोलले.

ही दोन वाक्यं लिहायला मला इतके दिवस लागले. नाताळला घरी आले नाही, नव्या वर्षालाही नाही, कारण तू असशील हे माहीत होतं. बाबांना सांगितलं सर्दी झाली आहे. ते "बरं" म्हणाले, पण ते वेगळं 'बरं' होतं. तू त्यांना सांगितलं आहेस का? नसशील तर मी सांगते. कुणीतरी मला शिव्या घालायला हव्यात असं वाटतं, आणि इथे कुणी घालत नाही.

हो, तुझ्या पाठीमागे किर्स्टीला बोलावून पुन्हा वाजवून घेतलं. तुझं वाजवणं टाकून द्यायचं ठरवलं होतं, तुला न सांगता. रेकॉर्ड ऐकून तुला कळणार नाही असं गृहीत धरलं, मागची नावं तू वाचशील हे डोक्यातही आलं नाही. तू काय, आत्याच ना, खूश होशील. असाच विचार केला होता मी, त्याहून बरा काही केला नव्हता. मग टेपा बदलल्या आणि वेष्टणावर तिचं नाव, आत तुझं वाजवणं, असं झालं. किर्स्टी दुकानात आली होती. म्हणाली, "माझं नाव काढून टाक, हे मी वाजवलेलं नाही." मला वाटलं तिला कमीपणा वाटतो आहे. तशी नव्हती ती. ती म्हणाली, न वाजवलेल्याचं कौतुक लोक माझ्या तोंडावर करतात, मला कुठे बघावं कळत नाही. मी तिला कॉफी पाजली. मला तर रोजच कळत नाही कुठे बघावं.

शनिवारी रेडिओवर एकटीच गेले. ठरवून गेले होते की खरं सांगायचं. त्या माणसानं विचारलं, ती कुजबुज ठेवायचं धाडस कसं झालं? मी म्हटलं, धाडस नाही, मी नमुन्याची रेकॉर्ड नीट ऐकलीच नाही. ती माझी सख्खी आत्या आहे, मी तिच्याबद्दल नीचपणे बोलले आणि चुकून छापलं गेलं, मला तिची लाज राखता आली नाही. तो हसायला लागला. काचेपलीकडची मुलगीही हसली. तो म्हणाला, "ही बाई बोलतेसुद्धा आपल्या गाण्यांसारखंच." दुसऱ्या दिवशी दुकानात आणखी प्रती खपल्या. आत्या, इथे मी काहीही कबूल केलं तरी लोकांना ते गोड वाटतं. माफी मागितली तर म्हणतात, याचं गाणं कर.

कंपनीला दुसरी खेप छापायची आहे. मी त्यांना थांबवलं आहे. तुझ्या गाण्याचं काय करायचं ते तू सांग. माझं बोलणं काढून टाकायचा विचार केला, पण तुझा सूर चालू असतानाच मी बोलायला लागले, त्यामुळे बोलणं कापायचं तर सूर कापावा लागतो. किर्स्टीची टेप टाकली तर बोलणं जाईल, पण तूही जाशील. अख्खं गाणंच काढू का? तू म्हणशील ते करीन.

'तुझी' लिहायची हिंमत होत नाही.

ऊना


रॉथसे
१४ जानेवारी

ऊना,

उत्तर मिळालं. दोन्हींतलं हे बरं. मुद्दाम ठेवलं असतंस तर मी पुन्हा लिहिलं नसतं.

तुझ्या वडिलांना मी काही सांगितलेलं नाही. रेडिओ त्यानंही ऐकला, एवढंच. मीही ऐकला. ते लोक हसले ते मला ऐकू आलं.

हात कापतो ते खरं आहे. गेल्या वसंतात डॉक्टर म्हणाले की हे वाढत जाईल, थांबायचं नाही. हॉटेलात टीव्ही लागलेला नाही. मीच सोडलं, कारण एका लग्नात नवरीची आई माझ्या हाताकडे बघत बसली होती. ऑगस्टमध्ये तुझ्याकडे आले ते म्हणूनच. पुढच्या ऑगस्टपर्यंत वाजवता येईल याची खात्री नव्हती. हे तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू दयेनं माझं वाजवणं ठेवलं असतंस, आणि मला दया नको होती. म्हणजे लपवालपवी मीही केलीच.

दुसऱ्या खेपेचं विचारतेस. ते असं पत्रात सांगता येणार नाही. येत्या रविवारी इकडे ये, दुपारच्या बोटीनं. मॅकफीबाईंकडे चहा आहे, त्याच सगळ्या येणार आहेत. तुला पुन्हा रेकॉर्ड लावायची आहे, आणि त्या खोलीत बसून शेवटपर्यंत ऐकायची आहे. त्या शनिवारी ते सोसायला तिथे मी एकटीच होते.

येताना गोडधोड आणू नकोस. तुला कुणी काही बोलणार नाही, तेवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

इशबेल


ग्लासगो
२० जानेवारी

रुआरी,

तू परत आलास की टेपांचं काम तुलाच करायचं आहे, म्हणून सगळं लिहून ठेवते.

रविवारी रॉथसेला गेले. बोटीत मला आशा होती की वारा सुटेल आणि बोट परत फिरवतील. फिरवली नाही. आत्या धक्क्यावर आली नव्हती. मॅकफीबाईंचं घर शोधत गेले, बेल वाजवली, आणि आत सगळ्या आधीच बसलेल्या होत्या, कप हातात घेऊन. आत्या खिडकीपाशी होती. मला बघून तिनं मान हलवली, बस म्हणाली. मला चहा मिळाला. मी 'नमस्कार' म्हटलं ते कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ऑरबाईंनी विचारलं, प्रवास कसा झाला. तिथे कुणी मला धाडसी म्हणालं नाही, रुआरी, आणि गोडही म्हणालं नाही. नीचपणे वागलेल्या मुलीकडे जसं बघतात तसं बघत होत्या, सभ्यपणे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझ्या लायकीप्रमाणे कुणी वागवत होतं.

रेकॉर्ड मीच लावली. दुसरी बाजू, सगळी गाणी. छत्रीचं गाणं ऐकून एक म्हातारी पुटपुटली, "बरं आहे." मग 'शेवटची बोट' लागलं. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे, पण तेव्हा समजलं की मी नेहमी माझाच आवाज ऐकत होते. त्या बायका तिचा चेलो ऐकत होत्या. हात कापतो तो ऐकू येतो, हो. पण सूर सुटत नाही, ती तो धरून ठेवते, परत आणते. तिनं तो कसा धरला असेल हे आता मला माहीत होतं म्हणून असेल कदाचित, पण मला ते ऐकवेना.

मग तो शेवटचा सूर आला, आणि माझं बोलणं. मी मान खाली घातली होती. गालिच्यावर एक हिरवी वेल होती, तिच्याकडे बघत होते. बोलणं संपलं तसं मला वाटलं झालं, आता उठावं, माफी मागावी, जे काय ते. मी उठलेसुद्धा. "आत्या, मी," एवढंच म्हणाले.

ती म्हणाली, "बस. अजून संपलं नाही."

आणि खरंच संपलं नव्हतं. माझं बोलणं संपल्यावरही तिचा सूर चालूच होता, रुआरी. किती वेळ चालू होता. बारीक होत होत, कापत कापत, पण चालू. शेवटी गज तारेवरून उचलला तो आवाजसुद्धा आला. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्येही नाही, कारण मी तुझ्याशी बोलत होते, आणि नंतरही नाही, कारण दर वेळी माझं बोलणं आलं की मी लाजेनं सुई उचलायची. त्या खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला होता. फक्त मलाच माहीत नव्हता.

मग रेकॉर्ड नुसती खरखरत राहिली. ऑरबाई डोळे पुसत होत्या. मॅकफीबाईंनी सुई उचलली आणि म्हणाल्या, "चहा गार झाला सगळ्यांचा." मी रडत होते, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही, ते फार बरं झालं. मी आत्याजवळ जाऊन तिचे हात धरले. ते माझ्या हातांतही थांबेनात. मी माफी मागितली. ती म्हणाली, ऐकलीस ना पूर्ण, मग झालं. झालं असं नाही, मला कळतं. मला निरोप द्यायला ती दारापर्यंतच आली, धक्क्यावर नाही.

तर दुसऱ्या खेपेचं असं आहे. ती म्हणते काहीही कापायचं नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं, माझं बोलणं असंच जगभर ऐकू देऊ का? ती म्हणाली, तुला लाज वाटते म्हणून माझा सूर कापायचा नाही. लाज तुझी आहे, ती तू सांभाळ. तेव्हा टेप आहे तशीच, साळिंदरच, आणि आवाज कुठेही बारीक करू नकोस.

फक्त मागच्या बाजूला किर्स्टीचं नाव काढून आत्याचं टाकायचं आहे. मी लिहून दाखवलं होतं: 'चेलो, इशबेल आत्या.' मला वाटलं तिला आवडेल. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं, आणि 'आत्या' खोडलं. मग तिथेच सावकाश लिहिलं, 'इशबेल गॅलब्रेथ.'

म्हणाली, "मी तुझी आत्या म्हणून नव्हतं वाजवलं."

तसंच छाप.

ऊना